प्रत्येक ओळीआधी वेळ

हेमराज गेल्याचा फोन आला तेव्हा त्याने साडेबाराला सुरू केलेलं बिल्ड माझ्या स्क्रीनवर अजून चालूच होतं. ओळींमागून ओळी येत होत्या, प्रत्येक ओळीआधी वेळ. वहिनी मुर्रीहून रडत बोलत होत्या आणि मी 'हो, हो' म्हणत त्या ओळी वाचत होतो. रडू आलं नाही. सव्वा महिना झाला, अजून आलेलं नाही.

आम्ही दोघं एकाच कंपनीचे, घरूनच काम करणारे. तो मुर्रीत, मी गोंदियात. सॉफ्टवेअरचे सगळे भाग जोडून तयार व्हायला तीन-साडेतीन तास लागतात, त्यालाच बिल्ड म्हणायचं. मध्येच अर्धा-अर्धा तास स्क्रीन गप्प असायची. नवीन असताना एकदा मी ते अडकलं समजून बंदच करून टाकलं. हेमराज तापला.

"कायले बंद केलं बे? चालूनच तं राहिलं होतं."

"मले कसं समजन?"

दुसऱ्या दिवशी पाहतो तर हेमराजने प्रत्येक ओळीआधी वेळ टाकलेली. काहीच घडत नसेल तेव्हाही दर मिनिटाला नुसती वेळ उमटायची. माझ्या उतावळेपणासाठी एवढी मेहनत दुसऱ्या कोणी घेतली नसती.

त्या दिवशी दुपारी दीड वाजता ऑफिसातून मला विचारणा झाली... हेमराज फोन का उचलत नाही? मी स्क्रीनकडे पाहिलं. वेळ सरकत होती. "आहे तो, काम चालू आहे," असं सांगितलं आणि जेवायला बसलो. बिल्ड माणसाशिवायही चालतं, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. मुर्री माझ्या घरापासून दहा मिनिटांवर आहे.

वहिनी शाळेत शिकवतात. साडेतीनला त्या घरी आल्या तेव्हा तो खुर्चीजवळ पडलेला होता. हृदयविकाराचा झटका, डॉक्टर म्हणाले. तेरवीनंतर त्यांनी मला विचारलं, "भाऊजी, किती वेळ पडून राहिले असतीन ते?"

चालू असताना बिल्ड एकदाच माणसाला विचारतं, पुढे जायचं का. हेमराजने 'हो' दिलं होतं एक वाजून बारा मिनिटांनी. तेवढंच मी सांगितलं. त्या मान हलवत राहिल्या.

परवा ऑफिसने त्या दर मिनिटाच्या ओळी काढून टाकायला सांगितलं, उगाच गर्दी होते म्हणून. मी काढल्या नाहीत. आजही बिल्ड चालू आहे, वेळ उमटते आहे. ज्या पेपरच्या पुरवणीसाठी हे लिहितो आहे, ती मुर्रीच्या घरीही येते.

वहिनी, दीड वाजता ऑफिसातून मला विचारलं होतं.