सुनंदाची झोप आणि साडूंची गाडी

सोलापूरला मी लग्नापासून जातो आहे. एसटीने गेलो, रेल्वेने गेलो, माझ्या छोट्या गाडीने तर किती वेळा गेलो त्याला गणती नाही. पण सबंध रस्ताभर जळफळत गेलो तो या खेपेलाच.

त्याला कारण आमचे साडू, प्रकाशराव. दिवाळीत त्यांनी नवी गाडी घेतली. ती सासूबाईंना दाखवायला आपण चौघांनी सोलापूरला जायचं, हा बेत त्यांनीच परस्पर ठरवला. चौघे म्हणजे ते, त्यांची बायको वैशाली, वैशालीची थोरली बहीण सुनंदा आणि सुनंदाचा नवरा म्हणून मी. सकाळी गाडी हडपसरला आमच्या दारात उभी राहिली. दार लावलं की असा दबका आवाज यायचा, जणू तिजोरी बंद झाली. माझ्या गाडीचं दार दोनदा आपटावं लागतं. बहिणी मागे बसल्या, मी पुढे साडूंच्या शेजारी.

यवत मागे पडलं, रस्ता मोकळा झाला आणि प्रकाशरावांनी स्टिअरिंगवरची एक कळ दाबली. “ऐंशीवर लावली. आता पाय काढून बसायचं. पुढची गाडी हळू झाली की ही हळू होते, ती थांबली की ही थांबते. ब्रेकसुद्धा हीच मारते.”

“मग तुम्ही काय करता?” मी विचारलं.

“लक्ष ठेवतो,” असं म्हणून त्यांनी मला बोरं दिली.

ही गाडी पुढच्या गाडीपासून बेताचं अंतर राखते, आणि आपल्याकडे अंतर म्हणजे आमंत्रण. पाटसच्या अलीकडे त्या फटीत एक टेम्पो घुसला. गाडी मुकाट हळू झाली आणि टेम्पोच्या मागे पुन्हा तेवढंच अंतर सोडून चालू लागली. त्या अंतरात दुधाची पिकअप शिरली. गाडी पुन्हा मागे. मग डावीकडून एक मोटारसायकल आली, तिच्यावर दोन माणसं आणि एक शेळी. त्यांनाही वाट मिळाली. ना हॉर्न, ना दिव्यांची उघडझाप. माझा पाय मात्र पायपुसणीवर आपोआप दाबला जात होता. असल्यांना मी वळण लावल्याशिवाय सोडत नाही.

भिगवणला मासे खायला थांबायचं ठरलं होतं. “सुनंदा, तुला चिलापी चालेल ना?” असं विचारत मी मागे वळलो, तर सुनंदा झोपलेली. मान एका बाजूला कललेली, तोंड जरासं उघडं.

वाचकांना यात विशेष वाटणार नाही, म्हणून सांगतो. इतक्या वर्षांच्या संसारात माझ्या गाडीत सुनंदा एकदाही झोपलेली नाही. ती शेजारी बसते, खिडकीवरची कडी घट्ट धरते आणि सोलापूर येईपर्यंत सोडत नाही. गाडीत झोप येतच नाही म्हणते, आणि मी ते खरं मानत आलो होतो. आता साडूंच्या गाडीत, तेही भिगवण यायच्या आत, ती बिनघोर झोपली होती. मला त्या गाडीचा मत्सर वाटला. प्रकाशरावांचा नव्हे, गाडीचाच.

भिगवणला मरळ झकास होती, उजनीच्या पाण्यावर पक्षीही दिसले, पण माझं मन लागेना. पुढे टेंभुर्णीपाशी दुभाजकाच्या फटीतून एक म्हातारा सायकल ढकलत अचानक रस्त्यात आला. प्रकाशराव तेव्हा वैशालीला पाण्याची बाटली देत होते. गाडी स्वतःच करकचून थांबली. बोरं टपाटपा खाली सांडली. मागच्या ट्रकने आमच्या नावाने लांब हॉर्न दिला. म्हातारा शांतपणे पलीकडे गेला.

“बघितलंत?” प्रकाशराव म्हणाले.

“बघितलं,” मी म्हणालो. खरं बोलायचं तर गाडीचा ब्रेक माझ्या पायाच्या आधी लागला होता, आणि ते मला मुळीच आवडलं नाही.

नवी पेठेत मात्र तिची फजिती झाली. सासूबाईंचं घर तिथल्याच एका गल्लीत आहे. कापडाची दुकानं, सोन्याची दुकानं, मधून चालणारी माणसं आणि जागा मिळेल तिथून नाक घालणाऱ्या रिक्षा. गाडी दर दोन हातांवर टुंग टुंग करी आणि गचका देऊन थांबे. एक रिक्षावाला काचेशी वाकून म्हणाला, “क्या हुआ मामू, कायकू डरती तुमारी गाडी? मैं नै लगारा ना.” मी मनापासून हसलो. प्रकाशरावांनी कळ बंद केली आणि घामाघूम होत गल्लीपर्यंत गाडी नेली.

जेवणात ज्वारीचे तिखट धपाटे, दही आणि शेंगाचटणी. संध्याकाळी घरी न्यायला म्हणून तीच चटणी आणायला मी आणि सुनंदा पेठेत पायी निघालो. मी विचारून टाकलं, “माझ्या गाडीत तू कधीच का झोपली नाहीस?”

ती दुकानांकडे बघत म्हणाली, “तुम्हाला पुढे कुणी घुसलेलं खपत नाही. घुसला की तुमचा पाय जोरात पडतो, मग त्याच्या शेपटीला लागून जायचं. त्या गाडीला कुणी घुसलं तरी काही वाटतच नाही. मला रस्त्याची भीती नाही हो वाटत. तुमची वाटते.”

एवढं बोलून ती चटणीचा भाव विचारू लागली. मी पिशवी उघडून धरली.

दुसऱ्या दिवशी निघायच्या आधी सासूबाईंनी गाडीची पूजा केली. बॉनेटवर ओल्या कुंकवाचं स्वस्तिक काढलं. “केम गावचं कुंकू हाय, लई चांगलं,” त्या म्हणाल्या. मग झेंडूचा मनगटाएवढा जाड हार गाडीच्या तोंडावर आडवा बांधला, वर पाणी शिंपडलं आणि बजावलं, “घरी पोचस्तवर काढायचा न्हाय बरं का, जावईबापू.”

गाडी सुरू होताच समोरच्या पडद्यावर पिवळी अक्षरं आली. पुढचं पाहणारा सेन्सर झाकला गेला आहे, आपोआप ब्रेक बंद आहे, असा त्याचा अर्थ. गाडीचा डोळा नेमका हाराखाली होता.

“हार जरा वर सरकवू का?” प्रकाशरावांनी विचारलं.

“अजिबात नाही,” वैशाली म्हणाली. “आई गच्चीतून बघतेय.”

“राहू दे. मला काय गाडी चालवता येत नाही?” प्रकाशराव म्हणाले आणि आम्ही निघालो. सुनंदा मागे ताठ बसून होती. मी मनात म्हटलं, आता कळेल.

मोहोळच्या अलीकडे पुढे उसाचा ट्रॅक्टर होता, मागे दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही बाजूंना लोंबलेला. प्रकाशराव पुण्यातल्या जागांच्या किमतींबद्दल बोलत होते. ट्रॉली जवळ येत गेली, आणखी जवळ आली, तरी त्यांचा पाय जागचा हलेना. मला एकदम उमगलं. ते गाडीने थांबण्याची वाट पाहत होते.

“प्रकाशराव, ब्रेक!” मी ओरडलो.

त्यांनी दोन्ही पायांनी दाबला. उसाची टोकं काचेला लागली आणि आम्ही थांबलो. ट्रॅक्टर गाणी वाजवत पुढे निघून गेला. त्याला पत्ताही नव्हता.

गाडी कडेला घेऊन प्रकाशराव उतरले. “दिवाळीपासून सवयच गेली हो पायाची,” ते म्हणाले. “तुम्ही घ्या.” वैशाली डोळे पुसत होती, पण हार काढायला तीही तयार नव्हती. उलट हारानेच वाचवलं असं तिचं म्हणणं पडलं.

अशा रीतीने ती गाडी माझ्या हाती आली. सुनंदा पुढे येऊन बसली, आणि बसताक्षणी तिने वरची कडी धरली.

मी ठरवून गाडीसारखा चालवू लागलो. पुढे अंतर सोडलं. त्यात एक जीप घुसली. माझ्या कानशिलातली शीर उडाली, पण मी पाय उचलला आणि तिला जाऊ दिलं. मग घुसला वाळूचा डंपर. मग लग्नाचं वऱ्हाड घेऊन एक बस आली, मागच्या खिडकीतून पोरं वाकुल्या दाखवत होती. मी मागे, आणखी मागे. इंदापूरपर्यंत मला अर्ध्या जिल्ह्याने ओलांडलं असेल. प्रत्येकाला मी ओठातल्या ओठात शिव्या घातल्या, इतक्या की ओठ दुखले. हॉर्नला मात्र हात लावला नाही.

भिगवणच्या पुढे कधीतरी शेजारून श्वासाचा संथ आवाज आला. मी मान वळवली नाही. वळवली असती तर गाडी हलली असती.

हडपसरला गाडी थांबली तशी ती जागी झाली. डोळे चोळत म्हणाली, “हार वाटेत पडून गाडीचा डोळा उघडला का? तरीच म्हटलं, झोप कशी लागली.”

“बघ जाऊन,” मी म्हणालो.

ती उतरून पुढे गेली. झेंडू वाऱ्याने मलूल झाला होता, धूळ बसली होती, पण हार जागच्या जागी होता. तिने तो हात लावून पाहिला आणि काचेतून माझ्याकडे बघत राहिली. मग माझ्या खिडकीशी आली.

“सबंध रस्ता तुम्हाला राग आला नाही?”

“आला की. पावलोपावली आला,” मी म्हणालो. “पायापर्यंत पोचू दिला नाही.”

ती “बरं” म्हणाली आणि चटणीची पिशवी घेऊन जिना चढू लागली. प्रकाशरावांनी लगेच वाकून हार सोडला. पडद्यावरची पिवळी अक्षरं गेली, आणि गाडी पुन्हा शहाणी झाली. तिला राग येतच नाही, तर तिने वाट देण्यात कसलं आलंय कौतुक? मला येतो. एवढं एकदा कुणीतरी त्या गाडीसमोर म्हणायला हवं होतं.