दोन्ही तारा टेबलावर होत्या

भुताखेतांचे किस्से सांगणाऱ्यांची मी आयुष्यभर टर उडवली. विजेच्या कामातला माणूस मी... घंटी वाजली म्हणजे तिच्यात करंट आहे, एवढं साधं माझं शास्त्र. म्हणूनच हे लिहिताना माझीच मला चिडचिड होतेय.

ऐंशीच्या आसपासची गोष्ट. साताऱ्याहून बदली होऊन मी नागपूरच्या एका टेलिफोन केंद्रात नुकताच आलो होतो. सक्करदऱ्याला खोली घेतली होती, आणि मे महिना. बाहेरगावच्या प्रत्येक लाइनवर आम्ही एक बारीक सिग्नल सोडून ठेवायचो. तो ठरावीक मर्यादेखाली गेला की त्या लाइनची घंटी वाजे. ही मर्यादा ठरवणं माझं काम. कडक ठेवली तर घंटी उगाच कोकलते, सैल ठेवली तर लाइन मरते आणि आपल्याला पत्ता नाही.

त्या दुपारी मौद्याच्या लाइननं डोकं उठवलं. मर्यादा कितीही खाली आणा, घंटी चालूच. लाइनमन केवलराम बिघाड शोधत तिकडेच फिरत होता — नुकतीच मुलगी झालेली, त्या खुशीत सगळ्या केंद्राला पेढे वाटलेला माणूस. खांबावर चढायचा, तारांना हातफोनच्या क्लिपा लावायचा आणि मला फोन करायचा.

शेवटी वैतागून मी घंटीच्या दोन्ही तारा सोडवल्या आणि टेबलावर टाकल्या. घंटी गप्प झाली, पण माझं मन थाऱ्यावर येईना. उठून पाणी प्यायलो, बसलो, पुन्हा उठलो.

तेवढ्यात केवलरामचा फोन. "इथं तं काही दिसून नाही राहिलं साहेब. उतरून राहिलो जी."

उतरला, आणि खाली थांबलाय. म्हणजे आता मेगर फिरवायला हरकत नाही. मेगर म्हणजे हँडल फिरवून तारेत जोरदार वीज सोडायची आणि गळती तपासायची. खांबावर कुणाचा हात तारेला असला, तर झटक्यानं तो खालीच यायचा.

मेगर लाइनला जोडला, हँडल धरलं — आणि घंटी वाजली. मौद्याचीच. थांबेचना. सवयीनं मी फोन उचलला.

"केवलराम, उतरलास ना?"

"नाही जी. क्लिपा काढून राहिलो, हात तारेवरच हाय. काहून?"

"मघाशी उतरलो म्हणालास की."

"उतरून राहिलो म्हटलं साहेब. म्हंजे आता उतरतो."

हँडलवरचा हात मी झटकन काढला. "सावकाश उतर," एवढंच म्हणालो. मग घंटीकडे पाहिलं. ती गप्प होती, आणि दोन्ही तारा टाकल्या तिथेच टेबलावर पडल्या होत्या.

संध्याकाळी केवलरामला सगळं सांगितलं. त्यानं त्या तारा हातात घेतल्या, परत ठेवल्या.

"तुम्ही वाजवली?"

"नाही रे."

"मीबी नाही." मग म्हणाला, "पोरगी वाट पाहून राहिली असन," आणि सायकल काढून निघून गेला.

शेजारच्या तारेचा परिणाम, कुठेतरी उरलेला करंट, उन्हानं फिरलेलं माझं डोकं... सगळं धुंडाळून झालं. एकही पटत नाही.

पुढे मी नागपूरचाच झालो. मुलगा बाहेरून फोन करतो, "बाबा, येऊन राहिलो." अर्थ आता मला पक्का ठाऊक आहे. तरी विचारतो — निघालास, की पोचलास? आणि उत्तर येईपर्यंत फोन खाली ठेवत नाही.