बेअरिंग कोणाखाली?

जेवणाची सुट्टी संपत आली होती, तेव्हा ऑफिसातला फोन वाजला. "कुंदाताई गेल्या," निगडीहून तिच्या शेजारणीचा आवाज आला. "कुठे गेल्या?" मी विचारलं. आपण काय विचारलं ते मला फोन ठेवल्यावर उमगलं. हृदयविकाराचा झटका आला होता. आता दीड महिना होत आला, तरी माझा गोंधळ काही मिटलेला नाही.

पंपांच्या आमच्या पिंपरीतल्या कारखान्यात कुंदा आणि मी कॉम्प्युटरसाठी भोकं पाडलेल्या पंच कार्डांच्या दिवसांपासून शेजारी बसायचो. पुढे नवा कॉम्प्युटर आला. त्यात सगळी माहिती कोष्टकांत ठेवायची होती, एकेका वस्तूची एकेक ओळ. आमच्या विभागाच्या मोघेसाहेबांना पंपाचे सगळे सुटे भाग त्यात भरून हवे होते आणि कागदावर उतरंडीने छापूनही हवे होते. वर पंप, त्याखाली थोडी आत सरकलेली मोटर, तिच्याखाली आणखी आत शाफ्ट. कोष्टक तर सपाट, त्यात उतरंड कशी मावणार? कुंदाने वाट काढली. प्रत्येक भागाच्या ओळीत त्याच्या वरच्या भागाचा नंबर लिहायचा, की उतरंड आपोआप जुळते. पहिली यादी छापून आली तेव्हा ती लहान मुलीसारखी टाळ्या वाजवत होती.

मग बेअरिंग आलं. तेच बेअरिंग मोटरमध्येही बसायचं आणि पंपाच्या बॉडीतही, आणि ओळीत जागा होती एकाच वरच्या नंबराची.

"दोन नंबर द्या, दोनदा लिहा," साहेब म्हणाले.

"साहेब, वस्तू एकच आहे. एका नंबराखाली संपलेली दिसेल आणि दुसऱ्याखाली पडून असेल."

"मॅडम, मला यादी हवीय, वाद नकोय."

त्यांनी काम तिच्याकडून काढून विभागातल्याच पाठकांना दिलं. पाठकांनी दोन नंबर दिले आणि यादी झकास छापली. पुढे एका सकाळी मोटरची जुळणी थांबली. मोशीचे गायकवाड फोरमन कागद फडकावत वर आले. "बाई, बेरिंग रॅकमदी हाय अन् तुमचा कागद म्हनतो न्हाई. आमी कुनाचं ऐकायचं?"

साहेब स्वतः कुंदाच्या टेबलापाशी आले. तिने आणखी एक कोष्टक केलं. त्यात फक्त जोड्या होत्या, कोण कोणाखाली बसतं एवढंच. भागांच्या कोष्टकात बेअरिंग एकदाच राहिलं, जोड्यांत दोनदा आलं. साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "चुकलो मी." आणि त्याच आठवड्यात कुंदाने कंपनीच्या प्रशिक्षण शाळेत बदली मागितली. शिकवायला!

"अगं, आता कुठे तुझं ऐकायला लागलेत," मी म्हणाले.

"म्हणूनच."

"म्हणजे?"

"मलाही नीट सांगता येत नाही गं, शैला..."

ती रागावली होती का? दमली होती? की हवं ते मिळाल्यावर तिला तिथे करण्यासारखं काही उरलंच नव्हतं? शाळेत ती खूश दिसायची, पण तेही मला लांबूनच. शाळा कारखान्याच्याच आवारात असूनही आमच्या भेटी कमी होत गेल्या, आणि विचारायचं राहूनच गेलं.

परवा निगडी प्राधिकरणातल्या तिच्या घरी गेले. तिचे यजमान माधवराव एकटेच होते. बदलीबद्दल विचारलं तर त्यांनीच मला उलट विचारलं. "कंपनीनेच पाठवलं ना तिला? मला तर तसंच वाटत होतं."

मग ते चहा करायला उठले. बराच वेळ डब्यांचा आवाज येत राहिला, म्हणून मी आत गेले. ओट्यावर सगळे डबे उघडे पडले होते. साखर होती, पोहे होते, तीन डब्यांत तीन तऱ्हेच्या डाळी होत्या. चहाची पूड कुठेच नव्हती.

"ती असताना कधी करावाच लागला नाही, आता शेजारच्या बाई आणून देतात," ते ओशाळून म्हणाले. "तुम्ही इतकी वर्षं तिच्याबरोबर होतात, शैलाताई. तुम्हीच सांगा, तिने कुठे ठेवली असेल?"

मी फळीपुढे उभी राहिले. मसाल्यांजवळ पाहिलं, दुधाच्या भांड्यांमागे पाहिलं, कपबशांच्या कपाटातही पाहिलं. पूड सापडली नाही. शेवटी माधवरावांनी दूध गरम केलं, आणि आम्ही दोघांनी ते तिथेच ओट्याशी उभं राहून प्यायलं.