झील

माझा थोरला भाऊ झीलकरी होता. शाहिराच्या मागे उभं राहायचं, त्याची ओळ संपली की शेवटचा शब्द उचलायचा आणि ‘जी जी’ करत लांबवायचा, हे त्याचं काम. दिवसा गिरणी, संध्याकाळी संयुक्त महाराष्ट्राच्या सभा. त्याच्या शेजारी उभा राहणारा दुसरा झीलकरी लालबागला आमच्याच चाळीत, खालच्या मजल्यावर आईसोबत राहत असे.

एका संध्याकाळी गोळीबार झाला. जोडीदार भावाच्या मांडीवर डोकं ठेवून गेला. पळापळीत भावाच्याही डोक्याला मार लागला होता. इस्पितळात नेईपर्यंत तो बेशुद्ध झाला. शुद्धीवर आला तेव्हा त्याला माणसं ओळखता येत होती, बोलता मात्र एक शब्द येत नव्हता.

परळच्या डॉक्टरांनी सांगितलं, बोलण्याची मेंदूतली जागा दुखावली आहे. गाण्याचं काम बरंचसं दुसऱ्या बाजूला चालतं, ती बाजू शाबूत आहे. त्याच्याशी गाऊन बोला, कदाचित त्या वाटेने शब्द परत येतील.

वहिनी आधी लाजली. मग दार लोटून तिने पोवाड्याच्या चालीत विचारलं, चहा हवा की दूध? भावाने मान वर केली आणि खणखणीत आवाजात म्हणाला, ‘दूध, जी जी.’ वहिनी रडली. त्यानंतर शेजारी येऊन गाण्यात चौकशी करू लागले. समोरच्या खोलीतला गिरणीचा बदली कामगार म्हणे, तुमच्याकडे बरं आहे, फुकटचा जलसा.

तीन आठवडे भाऊ तोंड वाकडं करून दूध पीत होता. दूध त्याला कधीच आवडलं नव्हतं. एका सकाळी वहिनीने शब्द उलटे लावले, दूध हवं की चहा? उत्तर आलं, चहा. तिने पातेलं खाली ठेवलं.

‘भावोजी, हे उत्तर देत नाहीत,’ ती म्हणाली. ‘झील धरतात.’

मी तिला हे कुणाला सांगू नको म्हटलं. शेजारी गात होते तोवर भावाला सराव मिळत होता. हळूहळू तो शेवटचे दोन शब्द उचलू लागला, मग गुडघ्यावर बोटांनी ठेका धरून अर्धी ओळ.

त्याच सुमारास जोडीदाराची आई वर आली. तिला एकच गोष्ट जाणून घ्यायची होती आणि ती सांगू शकणारा माणूस एकच होता.

‘बाबा, तुला चाल येते,’ ती मला म्हणाली. ‘एवढं विचार त्याला. माझ्या पोराच्या तोंडात पाणी पडलं की नाही?’

तिचं वाक्य ‘नाही’वर संपत होतं. मी तेव्हा गिरगावातल्या एका दैनिकात मुद्रितं तपासत असे. वाक्यात कुठला शब्द कुठे ठेवला की काय होतं, हे मला कळत होतं. वहिनी चुलीपासून माझ्याकडे बघत होती. मी चाल लावली आणि गायलो, तोंड कोरडं राहिलं की पाणी पडलं?

भाऊ म्हणाला, ‘पडलं, जी जी.’

म्हातारीने पदर डोळ्यांना लावला आणि जिना उतरून गेली. त्या दिवसापासून ती दोन वेळा जेवू लागली, असं शेजारणी सांगत.

भाऊ वर्षभराने बोलू लागला. वाक्यं तुटक, गुडघ्यावर बोटांचा ठेका कायम. त्या संध्याकाळबद्दल त्याने कधी काही सांगितलं नाही. आम्हीही विचारलं नाही.

म्हातारी गेली तेव्हा तिच्या तोंडात पाणी घालायला रक्ताचं कुणी नव्हतं. भावाने घातलं. स्मशानातून परतताना आम्ही दोघेच मागे राहिलो होतो. मी त्याला साध्या बोलण्यात, कुठलीही चाल न लावता विचारलं, ‘त्या दिवशी तू त्याला पाणी दिलंस का?’

चालता चालता त्याची बोटं मांडीवर हलली.

‘पडलं,’ तो म्हणाला.

तो शब्द माझ्या प्रश्नात नव्हता. पण सूर मी म्हातारीसमोर गायलो तेव्हाच लावलेला होता.