शाकाहारी कुटुंबास प्राधान्य

तमाम मराठी बंधुभगिनींना कळविण्यात येते की, जून २०२० मधल्या एका रविवारी, सकाळचे पोहे आटोपल्यावर आणि दुपारचं मटण शिजायच्या आत, डब्लिनजवळच्या ल्यूकनमध्ये वर्णद्वेषाचा कायमचा निकाल लागला. कृपया नोंद घ्यावी.

निकाल लावला आमच्या मराठी व्हॉट्सॲप ग्रुपने. अमेरिकेत एका पोलिसाने काळ्या माणसाचा जीव घेतला होता, जगभर मोर्चे निघत होते आणि आमच्याकडे एकामागून एक प्रोफाइल फोटो काळेकुट्ट होत होते. पहिला अर्थातच अध्यक्षांचा. त्यांना अध्यक्ष कोणी केलं हे आजवर कळलेलं नाही. डब्लिनच्या चेरीवूड भागातल्या एका ऑफिसात ते मॅनेजर होते आणि बागेत सगळ्यात मोठं बार्बेक्यू त्यांचं होतं, एवढं बहुधा पुरलं असावं.

त्यांनी लांबलचक संदेश लिहिला. आपण इंग्रजांचं राज्य सोसलं, आयरिश लोकांनीही सोसलं, तेव्हा काळ्या बांधवांचं दुःख आपल्याइतकं कोणाला कळणार? शिवाय बसमध्ये एका पोराने त्यांना ‘आपल्या देशात परत जा’ म्हटलं होतं. तो किस्सा आम्हाला पाठ होता, त्यातल्या आवंढ्यासकट. मी खाली हात जोडले. माझ्या हातांखाली लगेच कोणाच्या तरी भाच्यासाठी स्थळाची चौकशी आली: मुलगी उंच, गोरी, संस्कारी. तिलाही भरभरून अंगठे मिळाले.

आता खरी गोष्ट. अध्यक्षांना गॉलवेला नवी नोकरी लागली होती आणि ल्यूकनचं घर भाड्याने द्यायचं होतं. समोरच्या घरात एक नायजेरियन नर्स दोन मुलींसह भाड्याने राहत होती. तिचा मालक घर विकायला निघाला होता. ऑगस्टअखेर बाहेर पडायचं होतं, मुलींची शाळा कोपऱ्यावर होती आणि आसपास दुसरं घर मिळत नव्हतं. हे घर मिळालं तर शाळा टिकणार, नाहीतर नाही. तिची मैत्रीण म्हणून घराचं विचारायला अध्यक्षांकडे मीच गेले.

मला वाटलं, काम झालंच. वसंतात अध्यक्ष कोरोनाने आडवे झाले, तेव्हा दारात सूप ठेवून जाणारी आणि खिडकीबाहेरून ‘पालथे झोपा, पालथे!’ असं ओरडणारी हीच बाई. नर्सेससाठी सगळा देश दारात उभा राहून टाळ्या वाजवत होता, तेव्हा आमच्या गल्लीत सर्वांत जोरात वाजवल्या होत्या अध्यक्षांनी.

“ताई, बाई सोन्यासारखी आहे हो,” अध्यक्ष म्हणाले. “प्रश्न तो नाहीच.”

“मग?”

“घरात देव्हारा आहे आमचा. किचन आहे. शाकाहारी कुटुंबच हवं.”

“अहो, तुमच्या किचनमध्ये दर रविवारी मटणाचा कुकर लागतो!”

“ते आपलं मटण, ताई,” ते समजुतीने म्हणाले. “आणि हे बघा, कोणाला वाईट वाटायला नको. खाण्यापिण्याचं कारण दिलं की कोणी दुखावत नाही.”

युक्ती जुनी आहे. पुण्यात आणि मुंबईत या एका वाक्यावर कितीतरी दारं किती सभ्यपणे लागतात! फक्त एक गोष्ट त्यांच्या डोक्यात आली नाही.

पुढच्या रविवारी नर्स ड्यूटीवरून थेट त्यांच्या बागेत आली. मी अंतर राखून कुंपणाशी उभी होते, हे दृश्य चुकवणार थोडीच! अध्यक्षांनी इंग्रजीत, अत्यंत गोड आवाजात सांगितलं, “आमची परंपरा आहे. फक्त शाकाहारी कुटुंब. गैरसमज नको.”

नर्सचा चेहरा उजळला. “मग ग्रँडच की, उत्तमच! आमच्या चर्चच्या पंथात कोणी मांस खात नाही. माझ्या मुलींनी तर अंडंही चाखलेलं नाही.”

खिडकीतून मटणाचा खमंग वास बाहेर आला. वहिनी आत होत्या. कुकरने शिट्टी दिली.

“फक्त एकच विनंती,” नर्स संकोचून म्हणाली. “आम्ही यायच्या आधी किचन नीट धुऊन मिळेल का? आम्हाला तो वास चालत नाही.”

पुढे काय झालं ते इथेच सांगून टाकते, कारण मला थांबायचंय अध्यक्षांच्या वाक्यावर. घर तिला मिळालं नाही. ती तासाभराच्या अंतरावरच्या गावात गेली, मुलींची शाळा सुटली. निघताना मोठीने मला मिठी मारायला हात पसरले आणि कोरोना आठवून मागे घेतले. त्या घरात आता पुण्याचं एक कुटुंब राहतं. दर शुक्रवारी सुरमई तळतात. अध्यक्षांचा फोटो वर्षभर काळाच होता.

तर, बाग. नर्सने एकदा खिडकीकडे पाहिलं, एकदा अध्यक्षांकडे. हसू मावळलं. शांतपणे तिने विचारलं, “खरं सांगा, प्रश्न मांसाचाच आहे ना?”

आणि अध्यक्ष, बिचारे, तिला धीर द्यायला म्हणून घाईघाईने बोलून गेले, “छे छे, मांसाचा काही प्रश्नच नाही!”