मागच्या बाकावरचं उत्तर

वर्गातली पोरं आपल्या घुमीला खाऊन टाकतील, ही धास्ती आईच्या मनातून काही केल्या जात नव्हती.

घुमी हे तिचं शाळेच्या दाखल्यावरचं नाव नव्हे. ती लहान असताना मामानं थट्टेनं ठेवलं आणि चिकटलं ते चिकटलंच. काही विचारलं की ही पोरगी आधी छताकडे बघायची, मग स्वतःच्या पायांकडे, मग कुठे ओठ हलायचे; आणि तोवर आईनं उत्तर देऊन टाकलेलं असायचं. दुकानदारानं विचारलं, पेन्सिल कुठली हवी, की आई सांगायची. डॉक्टरांनी विचारलं, कुठे दुखतंय, तरी आईच. शेवटी डॉक्टरच एकदा म्हणाले होते, "बाई, पोट तिचं दुखतंय की तुमचं?" त्यावर घरात बरेच दिवस हसाहशी चालली, पण आईची सवय मोडली नाही.

आणि अशा मुलीनं ठरवलं काय, तर मास्तरीण व्हायचं! दुसऱ्या गावी विद्यापीठाच्या शिक्षणशास्त्र विभागात तिनं नाव घातलं. लांबलचक इमारत होती ती. खालच्या मजल्यावर होतकरू शिक्षक पाठ घ्यायला शिकत, वरच्या मजल्यावर नोकरीत मुरलेली मंडळी मुख्याध्यापक व्हायला शिकत. खालचे वरच्यांना घाबरत, आणि वरचे परीक्षेला. आवारातच विभागाची शाळा होती. तिथल्या मुलांवर सगळे हात साफ करून घेत.

"बोलणाऱ्याची मातीसुद्धा खपते आणि न बोलणाऱ्याचं सोनंही पडून राहतं," आई म्हणायची.

"पण ती कुठे माती विकायला निघालीय?" बाबा म्हणायचे आणि चष्मा पुसायला घ्यायचे. त्यांच्या मते विषय तिथे संपायचा. आईच्या मते तिथे सुरू व्हायचा.

तेव्हा तिनं आपल्या परीनं तजवीज केली. कॉलेजात तिच्या बाकावर बसणारी मैत्रीण आता त्याच विभागात, वरच्या मजल्याची प्रमुख होती. तिच्याकडे प्रश्नपत्रिका तयार करणारा एक कक्ष होता आणि त्यात एक जागा रिकामी होणार होती. टेबल, खुर्ची, खिडकी. समोर पोरं नाहीत. आईनं मैत्रिणीच्या कानावर घातलं. मैत्रीण म्हणाली, मुलगी हुशार आहे, माझी ना नाही, पण काय ते लवकर कळव, फार दिवस जागा अडवून ठेवता येणार नाही. घुमीला यातलं काहीच माहीत नव्हतं. आधी पक्कं होऊ दे, मग सांगू, असं आईनं स्वतःला समजावलं होतं.

ते पक्कं करायलाच ती त्या दिवशी विभागात गेली. चहा झाला, आईनं जागेला हो म्हणून टाकलं, जुन्या प्राध्यापकांच्या नकला करून झाल्या, आणि मैत्रीण उठत म्हणाली, "अगं, आत्ता तुझ्या लेकीचाच पाठ चालू असेल. चल, मागे बसून बघू."

आई नको नको म्हणत गेली. दोघी मागच्या दारानं आत शिरल्या आणि शेवटच्या बाकावर टेकल्या. शेजारी घुमीचे मार्गदर्शक सर बसले होते, हातात पेन, चष्मा कपाळावर. फळ्यापाशी घुमी. तिनं दोघींकडे एकदा पाहिलं, डोळे किंचित मोठे झाले, पण हातातला स्टीलचा पेला हलला नाही. पेल्यात बर्फ होता आणि बाहेरून थेंब जमले होते.

"हे बाहेरचं पाणी आलं कुठून?" तिनं विचारलं.

एकानं सांगितलं, पेला गळतोय. दुसऱ्यानं सांगितलं, बर्फाला घाम आला. मग वर्ग गप्प झाला. घुमीही गप्प. पंख्याचा आवाज ऐकू यायला लागला. कुणीतरी बाकाखाली पाय घासला. अडली, पोरगी अडली, आता सगळ्यांसमोर हसं होणार, असं आईच्या मनात आलं आणि मन तोंडाला आवर घालायच्या आत ती बोलून बसली.

"हवेतून."

अख्खा वर्ग वळून मागे बघायला लागला. मैत्रिणीनं पदर तोंडाला लावला. सर आईकडे झुकून हळूच म्हणाले, "ताई, ती अडलेली नाही, थांबलीय. आमच्याकडे याला उत्तर गिळणं म्हणतात. प्रश्न विचारायचा आणि आपलं उत्तर गिळून टाकायचं. शिकवून शिकवून आमचा घसा बसतो, तरी निम्म्यांना जमत नाही. हिला पहिल्या दिवसापासून येतंय."

आईला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. घुमी मात्र शांतपणे म्हणाली, "मागच्या बाकावर आज एक नवीन विद्यार्थिनी आल्यात. उत्तर दिलंय, पण हात वर केला नाही."

मुलं खदखदून हसली. तिनं हसू ओसरू दिलं.

"त्या म्हणतात, हवेतून. मोठ्या आहेत म्हणून खरं मानायचं?"

"नाही!" सगळा वर्ग.

"मग खरं-खोटं करायचं कसं?"

आणि ती पुन्हा थांबली. या वेळी आईनं ओठ दाताखाली धरले. किती वेळ गेला कोण जाणे, पण खिडकीजवळची, आतापर्यंत बाकावर रेघोट्या ओढणारी एक मुलगी उभी राहिली आणि अडखळत म्हणाली, "बाई, आतल्या पाण्यात शाई टाकू या. पेला गळत असेल तर थेंब निळे येतील."

घुमीनं शाईची बाटली तिच्याच हातात दिली.

पाठ संपल्यावर मायलेकी पायऱ्यांवर भेटल्या. घुमी रागावली नव्हती. उलट बाबांना हे आजच्या आज सांग म्हणाली. मग तिनं विचारलं, "पण तू आज इकडे कशी?" आणि आईकडे बघत राहिली. आईनं पर्सची चेन उघडली, लावली. ते थांबणं तिला सोसवेना.

"सहज गं. मैत्रिणीला भेटायला."

घुमीनं मान हलवली आणि मुलांच्या घोळक्यात परत गेली.

घरी येऊन आईनं बाबांना सगळं सांगितलं, पेल्यापासून पायऱ्यांपर्यंत, आणि मैत्रिणीकडच्या त्या जागेचंही. बाबा पोट धरून हसले. आईनं फोन उचलला. म्हणाली, मैत्रिणीला आत्ताच कळवून टाकते, आमच्या मुलीला ती जागा नको. ती वर्गातच शोभते.

"हो म्हणालीस तेव्हा तिला विचारलं नव्हतंस," बाबा म्हणाले. "आता नाहीही तूच म्हणणार?"

आई फोन हातात घेऊन तशीच बसली. घुमी काय म्हणेल? आजचा पाठ पाहून तर वाटत होतं, हसून नाही म्हणेल. पण रोज उभं राहून ती थकतही असेल. कदाचित खिडकीजवळचं टेबल तिला आवडेलही. चोरून ठरवलंस म्हणून चिडेल, तेही होण्यासारखं होतं. पोटच्या पोरीचं उत्तर आपल्याला ठाऊक नाही, हे आईच्या पहिल्यांदाच ध्यानात आलं, आणि गंमत म्हणजे त्यानं जीव घाबराघुबरा झाला नाही.

तिनं मैत्रिणीचा नंबर राहू दिला आणि घुमीला फोन लावला.