गुडघ्यात डोळे

८ ऑगस्टला सकाळी दुकान झाडायला काढलं. आमचं दुकान म्हणजे उचगावात घरालाच लागून असलेली पत्र्याची शेड. तिथे माझा नवरा फौंड्रीसाठी लाकडी पॅटर्न बनवतो. लोखंड ओतायच्या आधी वाळूत ज्याचा ठसा घेतात, तो लाकडी नमुना म्हणजे पॅटर्न. फोन घेणं, मोपेडवरून माल पोचवणं, कागलच्या एमआयडीसीत जाऊन बोलणी खाऊन येणं ही माझी कामं. दोन दिवसांवर आमच्या मुलीचं वर्षश्राद्ध आलं होतं. पाहुणे घरात मावणार नव्हते, म्हणून शेड मोकळी करायची होती.

झाडायला फारसं काही नव्हतंच. मुलगी गेल्यापासून यांनी रंधा धरला नव्हता. आलेल्या ऑर्डरी मी दुसऱ्यांकडे वळवत होते. गेल्या महिनाभरात एकच काम यांनी हातात घेतलं, आणि तेही बिनसलं. ते टेबलावर पडलं होतं: सागवानी लाकडाचं घागरीएवढं एक धड आणि शेजारी सहा पाय. पाय धडात बसत नव्हते. पायांच्या टोकाच्या खुंट्या भोकाच्या तोंडाशीच अडत होत्या. ते कळल्या दिवशी हे टेबलापासून उठले ते परत बसले नाहीत. म्हणाले, "हात गेला माझा. मशिनी काढून टाकूया." लेथ आणि बँडसॉ बघायला एक माणूस ९ तारखेला सकाळी यायचा होता.

तो सहा पायांचा प्राणी म्हणजे रोबो. आमच्या मुलीनं काढलेला.

ती पुण्यात गेम बनवणाऱ्या कंपनीत चित्रं काढायची. तिच्याकडे काम असायचं रोबोंचं, आणि तिचा एक हट्ट होता. माणसासारखा रोबो काढायचा नाही. हा हट्ट लहानपणापासूनचा. वाचनालयातून ती विज्ञानकथांची पुस्तकं आणायची आणि चित्रं बघून वैतागायची. "आई, हे बघ. लोखंडाचा हाय, तरी ह्याला छाती कशाला? श्वास घेतोय काय हा?" तिची खेळणी म्हणजे या शेडमधले फेकून दिलेले पॅटर्न. अर्धा पंप, पाव गिअर, एका बाजूला काळा रंग दिलेलं कसलंतरी नळकांडं. त्यांची ती नावं ठेवायची, आणि त्यांना तोंड काढ म्हटलं तर रागवायची.

मोठी झाल्यावर गेम खेळताना मला बोलवून दाखवायची. एकात रोबो म्हणजे नुसतं चाक होतं, दुःख झालं की आडवं पडायचं. एकात पाण्याच्या टाकीसारखा होता, वरून एकच हात, तो हातही झाकणातून यायचा. मला त्यात काय विशेष ते कळायचं नाही. मी म्हणायचे, "आपला मिक्सर बी तसलाच हाय की. त्याला कुठं तोंड हाय?" ती म्हणायची, "आणि तू त्याच्याशी रोज भांडतीस."

एकदा कागलला एका कारखान्यात पॅटर्न द्यायला गेले, तर तिथे खरा रोबो दिसला. खांद्यापासून पुढचा नुसता हात. बाकीचा माणूस गायब. घरी येऊन तिला फोन केला.

"काय म्हणत होता?" तिनं विचारलं.

"काय म्हणणार? काम करत होता."

"बघ. तोच खरा," ती म्हणाली. "माणसाचं तोंड दिलं की लोक तोंडाकडं बघत बसतात, आई. तोंड न्हाई दिलं की तो करतोय काय ते बघतात."

हा सहा पायांचा तिनं ज्या गेमसाठी काढला, त्यात एक बुडालेलं शहर होतं. खेळणाऱ्याला त्यातून वाट काढायची. रोबो लढत नाही, बोलत नाही. तो पुढे पाण्यात जातो आणि उभा राहतो. त्याचे डोळे गुडघ्यात. पाणी गुडघ्याला लागलं की एकेक डोळा विझतो, त्यावरून मागच्याला कळतं की पाणी किती आहे.

हे तिनं कुठून घेतलं ते मला सांगायला लागलं नाही. ती शाळेत होती तेव्हा आम्ही नदीकडच्या भागात भाड्यानं राहायचो. राधानगरी धरणाचे दरवाजे उघडले आणि बोळात पाणी आलं. हे हातात बांबू घेऊन पुढे झाले. दोन पावलं टाकायची, बांबू टेकवायचा, मागं न बघता हात हलवायचा, मग आम्ही पुढे. ती माझ्या कडेवर मावत नव्हती तरी कडेवर होती, आणि सगळा वेळ यांच्या गुडघ्यांकडे बघत होती.

दिवाळीला आली तेव्हा चित्र घेऊन आली. ऑफिसातल्या टेबलावर ठेवायला तिला तो लाकडात हवा होता, पप्पांच्या हातचा.

यांनी कागद उलटासुलटा केला. "डोस्कं कुठाय?"

"न्हाई."

"मग ह्यो जाणार कुठल्या अंगानं?"

"कुठल्याबी. सहाही बाजू सारख्या हायत की. माघारी यायला वळावं लागत न्हाई."

"म्हंजे तुझ्या आत्यासारखा. कुठनं कधी येतोय पत्ता न्हाय."

मग यांनी नेहमीची स्टीलची पट्टी उचलली आणि तिनं हात धरला. पॅटर्नवाल्याची पट्टी वेगळी असते. लोखंड थंड होताना आटतं, म्हणून पॅटर्न मुळातच किंचित मोठा करावा लागतो. दर वेळी हिशेब नको म्हणून त्या पट्टीवरचे सेंटिमीटरच खऱ्यापेक्षा जरा मोठे आखलेले असतात. नुसत्या डोळ्याला ते समजत नाही. "पप्पा, ती नको," ती म्हणाली. "हे ओतायचं न्हाई. हे असंच ऱ्हाणार हाय." तिनं तिची शाळेतली प्लॅस्टिकची पट्टी आणून दिली. त्या पट्टीनं धड झालं, सहा भोकं पाडून झाली. पाय पुढच्या खेपेला करायचे ठरलं. पट्टी तिनं खिडकीवरच्या खिळ्याला टांगली आणि गेली.

पुढच्या खेपा झाल्या, पण घाईच्या. मग पावसाळ्यात तिला ताप आला. गेमचं काम शेवटच्या टप्प्यात होतं, तिनं ताप अंगावर काढला. आम्ही पुण्यात पोचलो तेव्हा ती बोलत नव्हती. त्याच्यापुढचं लिहिण्यासारखं काही नाही.

गेम नंतर बाजारात आला. तिच्याबरोबर काम करणारी एक मुलगी भेटायला आली होती, तिनं तो यांच्या फोनवर घालून दिला. कसं खेळायचं तेही दाखवलं. हे रोज दुपारी जेवण झाल्यावर फोन उघडतात. रोबो पाण्यात जातो, घोट्याएवढ्या पाण्यात उभा राहतो. सहाही डोळे चालू असतात. त्याच्यापुढे हे त्याला नेत नाहीत.

"पुढं घाला की," मी एकदा म्हणाले. "त्याचं कामच त्ये हाय."

"असू दे हितंच."

वर्षश्राद्ध जवळ आलं तसं यांनी एके दिवशी आपणहून शेडचं शटर वर केलं. फोटोशेजारी रोबो पुरा करून ठेवायचा म्हणाले. लेथचा आवाज ऐकून मी भाजी चिरता चिरता थांबले. हे परत कामाला लागतील असं मला वाटलं होतं. सहा पाय उत्तम झाले, गुडघ्यांत डोळ्यांच्या खाचाही पाडल्या, आणि एकही बसला नाही.

हे सगळं त्या सकाळी झाडताना डोक्यात होतं. भिंतीवरची हत्यारं पुसायला घेतली. पटाशी, कानस, परकार, सगळ्यांवर बोटांचे ताजे ठसे. खिडकीवरच्या खिळ्याला प्लॅस्टिकची पट्टी तशीच होती, आणि तिच्यावर दीड-दोन वर्षांची धूळ बसलेली होती. एकही बोट लागलेलं नव्हतं.

मी स्टीलची पट्टी घेऊन एका पायाच्या खुंटीला लावली. चित्रातल्या मापाशी बरोबर. मग पोरीची पट्टी काढायला हात वर केला आणि खाली घेतला. घरातून माझ्या शिवणाची टेप आणली. टेपनं मापलं तर खुंटी केसभर जाड. पाय लांबीलाही तेवढ्याच हिशेबानं जास्त. सहाही सारखेच. यांचा हात जराही हलला नव्हता. यांनी पाय लोखंडात ओतायचे असल्यासारखे केले होते.

हे दारात येऊन उभे होते.

"हात गेला न्हाय तुमचा," मी म्हणाले. "पट्टी चुकली."

यांनी खिडकीकडे बघितलं.

"तिची पट्टी का घेतली न्हाईसा?"

"तिनं टांगलीया," हे म्हणाले.

मी केर सुपलीत भरला. मग म्हणाले, "जरा पॉलिश पेपर मारला की बसतील. किती वेळचं काम हाय?"

"वेळाचं न्हाय."

"मग?"

"तिचं काय बी कमी करायचं न्हाय मला."

असं म्हणून हे घरात गेले. मी सतरंज्या आणून एका कोपऱ्यात रचल्या. धड आणि पाय उचलून कुठे ठेवावेत ते सुचेना, म्हणून टेबलावरच ठेवले आणि वर धुतलेलं पातळ पांघरलं. दुपारी यांनी फोन उघडला. मी मुद्दाम जाऊन शेजारी बसले. रोबो घोट्याएवढ्या पाण्यात उभा राहिला. पाणी त्याच्या पायांभोवती हलत होतं. त्याला तोंड असतं तर तो आमच्याकडे बघतोय की पलीकडे, हे तरी कळलं असतं. हे मला पहिल्यांदाच वाटलं, आणि पोरीला सांगितलं असतं तर ती चिडली असती.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा झाल्यावर मी मशिनीवाल्याला फोन लावला. "पावणं, येऊ नका. दुकान चालू हाय," एवढं सांगून ठेवून दिला. शटर वर केलं, यांच्या स्टुलावर बसले आणि पॉलिश पेपर फाडून पहिल्या पायाची खुंटी घासायला घेतली. हे काम मी जन्मात केलेलं नाही. हे मागून आले आणि बघत उभे राहिले.

"आडवं घासू नको," हे म्हणाले. "उभ्या रेषांनी जा."

मी उभ्या रेषांनी घासलं. मांडीवर लाकडाचं पीठ पडत होतं, ते झटकलं नाही. खुंटी भोकाला लावून दाबली तर धड टेबलावरून सरकायला लागलं. तेव्हा यांनी पुढे होऊन ते दोन्ही हातांनी धरलं. पाय आत गेला आणि घट्ट बसला. यांनी हात काढले नाहीत.

मी दुसरा पाय घेतला.